हिवाळा, ऊस आणि आपली गाडी

दसऱ्याला आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, दारोदारी गाड्या धुतल्या जातात. बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं उमटतात, झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. शस्त्रं आणि अवजारं पुजण्याच्या प्रथेत मोटार कधीच सामील झाली आहे. मीही ही पूजा वर्षानुवर्षं केली. पण त्या दिवशी बॉनेट उघडून आत डोकावलो, असं कधी झालं नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग हिवाळ्यासाठी गाडीची वेगळी तयारी ती कसली, असा माझा समज होता. तो एका पहाटे मोडला.

डिसेंबरचे दिवस. कोपरगावचं लग्न उरकून पुतण्या आणि मी नगरला परतत होतो. कोल्हारचा प्रवरेवरचा पूल ओलांडला आणि धुकं लागलं. काच आतून पांढरी होत होती; मी एका हाताने पुसत, दुसऱ्या हाताने गाडी चालवत होतो. एकाएकी पुतण्या ओरडला, "काका, ब्रेक!" गाडी थांबली तेव्हा उसाने भरलेली ट्रॉली बॉनेटपासून हातभर अंतरावर होती. तिचं टायर फुटलं होतं. मागे दिवा नव्हता. रस्त्यावर खूण म्हणून वाढ्यांची पेंढी आणि दोन दगड ठेवले होते. मी खाली उतरून ट्रॅक्टरवाल्याला वाट्टेल ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "साहेब, पोरगं मागं उभं केलं होतं मोबाईलचा उजेड दाखवत. तुम्हाला दिसलं न्हाई का?"

ते पोरगं खरंच तिथे होतं. रस्त्याच्या कडेला, गोणपाट पांघरून. ते मला दिसलं नव्हतं.

पुढे महिनाभर मी ही हकिकत 'ट्रॉलीवाल्यांची बेपर्वाई' म्हणून सांगत राहिलो. मग गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा फिटरने ती भिंतीसमोर उभी करून दिवे लावले. उजवा दिवा पुढच्या चाकाजवळची जमीन उजळत होता, डाव्याची काच पिवळी पडली होती. विंडशील्डवर आतून बोट फिरवून त्याने मला तेलकट थर दाखवला. "सर, ट्रॉलीला दिवा नव्हता हे खरं. पण तुमच्या गाडीला तरी कुठं होता?" आयुष्यभर मुलांना प्रकाशाचं परावर्तन शिकवलेला मी, निरुत्तर झालो. त्यानंतर या विषयाचा जो अभ्यास केला, तो इथे मांडतो आहे.

आपल्या जिल्ह्यात थंडी आणि ऊस हातात हात घालून येतात. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घातला. तेव्हापासून प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या काठांवर कारखाने उभे राहिले. दसऱ्याच्या आगेमागे बॉयलर पेटतात, बीड आणि पाथर्डीकडून तोडणीच्या टोळ्या उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत रात्रंदिवस वाहतूक चालते. डबल ट्रॉल्या, ट्रक, टायरगाड्या हे सारं त्याच रस्त्यांवर असतं, ज्यावरून भाविकांच्या मोटारी शिर्डीची काकड आरती गाठायला निघालेल्या असतात.

याच महिन्यांत आकाश निरभ्र असतं. रात्री जमीन आपली उष्णता भराभर सोडते, वारा पडलेला असतो आणि भिजवलेल्या उसाच्या फडांतून हवेला ओल मिळते. जमिनीलगतची हवा दवबिंदूखाली उतरली की धुकं धरतं. ते सगळीकडे सारखं नसतं. माळावर लख्ख चांदणं आणि नदीकाठच्या उतारावर एकाएकी पांढरी भिंत, हा आपल्याकडचा अनुभव आहे. धुक्यात शिरल्यावर वेग कमी करू, असं म्हणून चालत नाही. नदी जवळ आली की आधीच कमी करावा लागतो.

किती कमी, याचं गणित सोपं आहे. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत आणखी २०. एकूण ४५. ताशी ८०ला हाच आकडा ७० मीटरच्या घरात जातो. डिपरवर असलेल्या दिव्यांचा उजेड बिनदिव्याच्या वस्तूवर उपयोगी पडतो तो साधारण ४० ते ५० मीटर. म्हणजे दिवे उत्तम असले तरी रात्री ८०च्या वेगाने जाणारा माणूस आपल्या नजरेच्या पुढे धावत असतो. माझे दिवे तर तेवढेही नव्हते.

म्हणून आपल्याकडच्या हिवाळी तयारीत पहिला मान काचेचा. उन्हाळ्यात बंद गाडीतलं प्लास्टिक तापतं, त्याची वाफ काचेवर आतून बसते. या थरावर बाष्प चटकन धरतं आणि समोरच्या दिव्याची तिरीप फाकते. ओल्या, मग कोरड्या स्वच्छ कापडाने काच आतून पुसावी; वर्तमानपत्राचा कागदही चालतो. थंडीत बाहेरची काच गार आणि आत आपल्या श्वासाची ओल, म्हणून बाष्प आतून धरतं. ते हाताने पुसू नये. एसी चालू करून हवेचा झोत काचेवर सोडावा, तापमान गरम ठेवावं आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करावं. थंडीत एसी कशाला, असं वाटतं. पण एसी हवेतली ओल काढून घेतो, त्यासाठीच तो हवा. वायपरचं रबर उन्हाने चिरलेलं असतं, ते दिवाळीआधी बदलावं.

दुसरा मान दिव्यांचा. भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही झोत तपासून घ्यावेत. धुक्यात अप्पर लावला तर पाण्याचे कण तो उजेड आपल्याच डोळ्यांवर फेकतात; डिपर आणि खाली बसवलेले फॉगलॅम्प कामाला येतात. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवण्याची सवय मात्र सोडावी. मागच्याला आपण उभे आहोत की वळतो आहोत, हे कळेनासं होतं.

मग बॅटरी. थंडीच्या पहाटे ती दगा देते म्हणून दोष थंडीला जातो. खरं तर तिला एप्रिल-मेच्या उन्हाने आतून पोखरलेलं असतं. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातलं तेल दाट झाल्याने स्टार्टरवर भार वाढतो, त्यामुळे आधीचं दुखणं उघडं पडतं. तीन-चार वर्षं झालेली बॅटरी आत्ताच तपासून घ्यावी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट असतील तर ती पूर्ण भरलेली, १२.२ असतील तर निम्मीच. सहा-सात सेकंदांत इंजिन सुरू झालं नाही तर थांबावं, अर्ध्या मिनिटाने पुन्हा प्रयत्न करावा. डिझेल गाडीत वेटोळ्याची खूण विझेपर्यंत चावी फिरवू नये.

टायरचं गणितही थंडीत बदलतं. हवेचं तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधला दाब एक पौंडाने कमी होतो. आपल्याकडे दुपारी २८-३० अंश असतात आणि पहाटे पारा दहाच्या खाली जातो. दुपारी ३३ भरलेली हवा पहाटे २९-३० उरते. म्हणून हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी.

कूलंटबद्दल एक गैरसमज आहे, की ते फक्त बर्फाळ प्रदेशासाठी असतं. आपल्याकडे पाणी गोठणार नाही हे खरं. पण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटर आतून गंजतो आणि बुजतो, ते कूलंट रोखतं. डिझेलचीही काळजी करायला नको. भारतीय मानकात हिवाळ्यासाठी ते ३ अंशांपर्यंत प्रवाही राहील अशी अट आहे. उन्हाळ्यासाठी तीच मर्यादा १५ अंश असते. लडाखचं दुखणं वेगळं. तिथे डिझेलमधलं मेण गोठून गाड्या बंद पडत, म्हणून इंडियन ऑइलने २०१९च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. तो हिवाळा सैन्याच्या आणि लडाखी माणसांच्या वाट्याचा. आपल्या वाट्याला आलेला हिवाळा अंधाराचा आहे.

तो भेदायला आपण पाहणं एवढंच पुरत नाही, समोरचा दिसावाही लागतो. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या पर्सी शॉने १९३४मध्ये रस्त्यात बसवायच्या 'मांजरडोळ्यां'चं पेटंट घेतलं. तत्त्व असं, की आलेला उजेड इकडेतिकडे न फेकता आला तिकडेच परत पाठवायचा. आजच्या रिफ्लेक्टर पट्टीतले बारीक मणी नेमकं हेच करतात. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. ही पट्टी वीज मागत नाही आणि ट्रॅक्टरची वायर तुटली तरी काम करते. मात्र तिच्यावर चिखल बसला किंवा मागे लोंबणाऱ्या उसाने ती झाकली, की तीही आंधळी होते. आणि ती पाहणाऱ्याच्या दिव्यानेच उजळते. त्याचा दिवा मिणमिणता असेल तर पट्टी असून नसल्यासारखीच. ट्रॉलीची पट्टी आणि मोटारीचा दिवा मिळून एकच यंत्र होतं, त्याचे दोन भाग दोन माणसांच्या मालकीचे असतात एवढंच.

हे उमगल्यापासून दसऱ्याचा आमचा क्रम बदलला आहे. पुतण्या आधी काच आतून पुसतो, भिंतीवर दिवे तपासतो, व्होल्टमीटर लावतो. हार त्यानंतर, आणि तोही दिवे झाकणार नाही असा. मी लाल पट्टीची दोन-तीन भेंडोळी डिकीत ठेवतो. हंगामात चहाच्या टपरीवर एखादी ट्रॉली उभी दिसली की विचारून, फडक्याने पत्रा पुसून, स्वतः चिकटवतो. कुणी हसतं, कुणी चहा पाजतं. एका ट्रॅक्टरवाल्याने माझ्या गाडीकडे बोट दाखवून म्हटलं, "सर, तुमचा मागचा एक दिवा गेलाय." मी मागे जाऊन पाहिलं. खरंच गेला होता.