लिंबावरची अळी आणि आपले गैरसमज

मोठी, देखणी फुलपाखरं पाहायची तर आंबोलीला जावं, खानदेशाच्या उन्हात काय उडणार, असं जळगाव-धुळ्याची माणसंच सांगतात. या समजाला थोडा आधार आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं निलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, ओल्या आणि दाट सावलीच्या जंगलात रमणारं. पण त्याच्याच पॅपिलिओ वंशातलं लिंबाचं फुलपाखरू कोरड्या, उघड्या मुलखातही सुखाने नांदतं. त्याला ऊन, फुलं आणि अळ्यांसाठी लिंबाच्या जातीचं एखादं झाड एवढं पुरे. काळ्या पंखांवर पिवळट ठिपक्यांची नक्षी, मागच्या पंखांवर तांबडा डाग आणि पंखांचा पसारा आठ ते दहा सेंटिमीटर. या कुळातल्या पुष्कळ फुलपाखरांच्या मागच्या पंखांना शेपटीसारखी टोकं असतात. याला ती नसतात, म्हणून ते दुसऱ्याच कुळातलं वाटतं, इतकंच.

पावसाळ्यात पांझरेच्या किंवा गिरणेच्या काठी ओल्या वाळूवर फुलपाखरांचा थवा बसलेला दिसला, की ती तहानलेली आहेत असं आपण म्हणतो. पाण्यापेक्षा त्यांना हवे असतात त्यात विरघळलेले क्षार, विशेषतः सोडियम. तिथे जमणारे बहुतेक नर असतात. पंखांची पूड डोळ्यांत गेली तर आंधळेपण येतं, ही भीती घरोघरी मुलांना घातली जाते. ती पूड म्हणजे पंखांवरचे बारीक खवले. त्यांत विष नसतं. डोळा चुरचुरेल, दृष्टी जाणार नाही. नुकसान होतं ते फुलपाखराचं, कारण झडलेले खवले पुन्हा उगवत नाहीत.

खरा घोळ आहे तो अळीबाबत. परसातल्या कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसतं. नीट पाहिलं तर ती हलते. मादी कोवळ्या पानांवर एकेक फिकट पिवळं अंडं घालते. त्यातून निघालेली अळी चार अवस्थांपर्यंत अशी तपकिरी-पांढरी राहते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पाचव्या अवस्थेत ती हिरवीगार होते आणि पानांत मिसळून जाते. ही दोन रूपं इतकी निराळी, की पुष्कळजण त्यांना दोन वेगळ्या किडी समजतात. डिवचलं की डोक्यामागून नारिंगी-तांबडं दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. लोक घाबरतात, ‘डंख मारेल’ म्हणतात. त्या शिंगात डंख नाही. मुंग्यांसारख्या शत्रूंना हाकलण्यासाठी ती मऊ ग्रंथी आहे. माणसाला तिच्यापासून काहीही होत नाही. पुढे फांदीला रेशमाच्या धाग्याने बांधलेला कोष दिसतो, कधी हिरवा तर कधी तपकिरी. तो वाळलेला किंवा मेलेला समजून खुडू नये. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला अनुकूल हवेत साधारण महिना लागतो.

मग ही अळी लिंबू-मोसंबीच्या बागायतदाराची शत्रू नाही का? रोपवाटिकेत आणि नव्याने लावलेल्या कलमांवर आहे, हे मान्य केलं पाहिजे. कोवळी पालवी ती झपाट्याने फस्त करते आणि लहान रोप मागे पडतं. तिथेही पहिला उपाय म्हणजे पानं पाहून अंडी-अळ्या हाताने वेचणं. पण भरल्या वाढीच्या झाडाची थोडी पालवी गेली, तर झाड ती भरून काढतं. अशा झाडावर चार अळ्या दिसल्या म्हणून पंप उचलणं मला अजिबात पटत नाही. ट्रायकोग्रामाच्या इवल्याशा माश्या याच फुलपाखराच्या अंड्यांत आपली अंडी घालतात, कोळी आणि पक्षी अळ्या खातात. कीटकनाशकाने आधी हेच राखणदार मरतात. हे फुलपाखरू २००४ मध्ये कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडलं, तेव्हा तिथले बागायतदार धास्तावले ते परका पाहुणा म्हणून. आपल्याकडे त्याचे शत्रू पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याबरोबरच राहतात.

घरच्या कढीपत्त्यावर किंवा देवळाजवळच्या बेलावर तर फवारणीचा प्रश्नच नको. कढीपत्त्याची पानं आपण खातो आणि बेलाची महादेवाला वाहतो. अळ्या जास्त वाटल्या तर अलगद उचलून जवळच्या मोठ्या लिंबावर सोडाव्यात. तिथे त्यांना पाला मिळतो आणि झाडाला तो जाणवतही नाही.