काजळीचा उजेड

शिर्डीची ती कथा तुम्ही ऐकली असेलच. वाण्यांनी तेल द्यायचं नाकारलं आणि साईबाबांनी द्वारकामाईतल्या पणत्या पाण्यावर तेवत ठेवल्या. हेमाडपंतांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त ती आहे. पाण्याचं कोडं सोडवायची माझी प्राज्ञा नाही. मला छळतो तो त्याहून साधा प्रश्न: तेलावर तरी दिवा कसा जळतो?

कारण तेल जळतच नाही! गार करडईच्या तेलात पेटती काडी बुडाली, तर काडीच विझते. जळते ती तेलाची वाफ. वातीच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून तेल आपसूक वर चढतं, ज्योतीच्या धगीनं त्याची वाफ होते आणि ती पेट घेते. चिमूटभर कापूस, पण काम पाण्याच्या मोटारीचं.

मग तो पिवळा रंग कुठला? ज्योतीवर चमचा धरा, काजळी बसेल. चमच्यावर काळी दिसणारी हीच काजळी ज्योतीत असताना तापून पिवळी लखलखत होती. आजीनं बाळाच्या डोळ्यांत घातलं ते काजळ म्हणजे विझलेला उजेडच की!

आता लामणदिवा बघा. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुने दिवे पाहताना माणूस नक्षीतच अडकतो. खरी गंमत मात्र पोटात असते. काही जुन्या टांगत्या दिव्यांत वरचा हंस किंवा मोर आतून पोकळ असतो. त्यात तेल भरायचं, बूच घट्ट लावायचं. त्याची नळी खालच्या वाटीत उतरते. नळीचं तोंड तेलात बुडालेलं असेपर्यंत आत हवा शिरत नाही, म्हणून वरून थेंबही गळत नाही. वाटीतलं तेल घटलं, तोंड उघडं पडलं, की हवेचा बुडबुडा ‘गुडुप्’ करून वर जातो आणि तेवढंच तेल खाली येतं. तोंड पुन्हा बुडतं, धार बंद! ऑफिसातला पाण्याचा उलटा जार याच युक्तीवर चालतो. हवेला वजन असतं हे टॉरिचेलीनं १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीत दाखवलं. मोर ओतणाऱ्या कारागिराला त्याची वाट पाहायची गरज नव्हती.

आज नगरला सावेडीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये तोच मोर सोफ्यावर टांगलेला दिसेल, आत एलईडी. उजेड अगदी समईसारखा. पण हा पिवळेपणा काजळीचा नव्हे. आतली इवली चकती निळाच प्रकाश देते! तिच्यावरचा पिवळसर लेप त्यातला बराचसा निळा गिळतो आणि पिवळा-तांबूस करून बाहेर सोडतो. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं.

एवढी खटपट कशासाठी? जुन्या काजळीचा रंग परत मिळावा म्हणून. मोराच्या पोटातून मात्र आता वायर जाते.