अठराचा पाढा

माझा लेक दहा वर्षांचा आहे. टाइप वन डायबेटिस होऊन चार वर्षं झाली. घरात आमचं गणित पक्कं बसलंय. माझ्या हातची एक पोळी म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदकं, वाटीभर वरणाचं वेगळं, आजीच्या शिऱ्याचा हिशोब भांडून ठरतो. हा अंदाज घरच्या वाटीचा आणि घरच्या लाटण्याचा, हे सिंगापूरला गेल्यावर कळलं.

बॅग भरायला आठवडा लागला. त्याला दिवसाला पंचवीसेक युनिट इन्सुलिन लागतं आणि पेनाच्या एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात. सहा दिवसांना जेवणाच्या इन्सुलिनचं एक आणि रात्रीच्या बेसलचं एक पुरलं असतं. आम्ही तीन-तीन नेली. निम्मी माझ्या पर्समध्ये, निम्मी नवऱ्याच्या सॅकमध्ये, चेक-इनच्या बॅगेत एकही नाही. विमानाच्या पोटात ते गोठलं तर वितळल्यावर कदाचित पूर्वीसारखंच दिसेल, पण उपयोगाचं राहणार नाही.

सासूबाईंनी "असू दे गं" म्हणत सिरिंजांचं जुनं पाकीट सरकवलं होतं. लाल टोप्यांचं. ते मी बाहेर काढलं. लाल टोपीची सिरिंज आपल्याकडच्या ४० युनिटवाल्या बाटलीसाठी असते आणि पेनातलं इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिटचं. पेन बिघडलं आणि घाईत त्या सिरिंजेत चारच्या खुणेपर्यंत ओढलं, तर पोराच्या अंगात दहा युनिट जातात. त्याऐवजी केशरी टोपीच्या घेतल्या.

विमानतळावरच्या तपासणीत इन्सुलिनकडे कुणी फारसं पाहिलं नाही, डॉक्टरांचं पत्र पुरलं. चौकशी झाली ती ग्लुकोज पावडरची. मी ती मुरांब्याच्या रिकाम्या डबीत भरली होती, आणि वर लेबल नसलेली पांढरी भुकटी कुणालाही खटकणारच.

विमानात आमचा एक नियम आहे: ट्रॉली दिसली म्हणून टोचायचं नाही, ताट पुढ्यात आलं की मगच. या वेळी हवा खराब झाली आणि ट्रॉली आमच्या दोन रांगा अलीकडून मागे फिरली. पुढची चाळीस मिनिटं मी त्या नियमाचे आभार मानत बसले.

सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. रात्री नऊचं बेसल तिथं साडेअकराला येतं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा दिवसांसाठी वेळ हलवू नका. त्यामुळे रोज झोपलेल्या मुलाच्या मांडीत सुई. तो जागाही होत नाही. चार वर्षांपूर्वी सोसायटी गोळा व्हायची.

हॉटेलात फ्रिज होता, पण दाराशी खोचलेलं कार्ड काढलं की दिव्यांबरोबर तोही बंद. हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. शिल्लक कार्ट्रिजं रिसेप्शनच्या फ्रिजमध्ये गेली. वापरातलं पेन ३० अंशांच्या आत चार आठवडे टिकतं, पण दुपारी बाहेरच ३२. पाण्यात भिजवून वापरायची पाकिटं मिळतात, ती चालतात माठासारखी. पुण्याच्या एप्रिलात झकास. सिंगापूरच्या दमट हवेत पाणी उडेल तर गार होईल ना! शेवटी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गार पाण्याची छोटी बाटली आणि नॅपकिनात गुंडाळलेलं पेन, असं घेऊन हिंडलो.

खाण्याची खरी परीक्षा हॉकर सेंटरमध्ये. बाटलीबंद पेयांचं सोपं होतं. सिंगापूरनं २०२२च्या अखेरीस त्यांच्यासाठी साखर आणि संपृक्त चरबीनुसार ए ते डी अशी श्रेणी आणली, त्यामुळे लेकच वाचून दाखवायचा. चहावाल्याला 'कोसोंग' म्हटलं की बिनसाखरेचा, हा शब्दही त्यानंच पाठ केला. फसवलं ते चिकन राइसनं. प्लेटमधला भात मोजून युनिट दिली, दोन तास आकडा शहाण्यासारखा बसून. पण तो भात कोंबडीच्या चरबीवर परतून तिच्याच रश्शात शिजवलेला. चरबी पोटात रेंगाळते, साखर उशिरा चढते. चौथ्या तासाला २८० पाहून मी हबकले आणि जरा हात सैल सोडूनच करेक्शन दिलं. तासाभरानं दोन बिस्किटं चारून ते निस्तरावं लागलं.

चौथा दिवस प्राणिसंग्रहालयाचा. दिवसभर चालणं. घामानं दंडावरचा सेन्सर सुटला, बदली लावला तर तो चालूच होईना, आणि घरचं मीटर ओरांगउटानसमोरच्या बाकावर राहिलं. (नवरा म्हणतो मी विसरले. असो.) संध्याकाळी औषधाच्या दुकानातून नवं मीटर घेतलं. लेकानं बोट टोचलं, पडद्यावर ७.२. क्षणभर माझ्या पोटात गोळा. आपल्याकडे मिलिग्रॅमचे आकडे, तिथं मिलिमोलचे. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, अठरानं गुणा. म्हणजे १३०. उत्तम.

दिवसभर पाय चालले की स्नायू रात्रीही साखर ओढत राहतात, म्हणून झोपताना बेसल थोडं कमी केलं आणि दोनचा गजर लावला. दोनला उठून त्याच्या मानेला हात लावला तर घाम. एसी चालू असताना घाम. बोट टोचलं. ३.४.

झोपेत गुणाकार होईना. कॅल्क्युलेटर फोनमध्ये, फोन चार्जरला, चार्जर खोलीच्या पलीकडे. आजीनं परवचा म्हणून घेतलेला पाढा तोंडात आला. अठरा त्रिक चोपन्न, अठरा चोक बहात्तर. मध्येच कुठंतरी, एकसष्टच्या आसपास. दोन चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून त्याच्या ओठांना लावलं. डोळे मिटूनच प्यायला.

पंधरा मिनिटं मी पलंगाच्या कडेला बसून होते. मग दुसरं बोट. ५.१.

"किती?" तो पुटपुटला.

"अठरा पाचे?"

"नव्वद," म्हणाला आणि कूस बदलून झोपला.