रुळावरची नेमबाजी : 'व्हर्च्युआ कॉप २' या संगणकीय खेळाच्या आकर्षणाचे स्वरूप

प्रस्तावना

संगणकीय खेळांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात बहुधा मुलांच्या अभ्यासाची आणि डोळ्यांची काळजी व्यक्त झालेली असते. ती काळजी अस्थानी नाही. तथापि, एखादा खेळ माणसाला पुन्हा पुन्हा का खेळावासा वाटतो, या मूळ प्रश्नाला तेथे फारसे स्थान मिळत नाही. प्रस्तुत लेखात 'व्हर्च्युआ कॉप २' या एकाच खेळाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. जपानमधील 'सेगा' कंपनीच्या, यू सुझुकी यांच्या नेतृत्वाखालील विभागाने हा खेळ १९९५ मध्ये नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रासाठी तयार केला. १९९७ मध्ये तो वैयक्तिक संगणकावर आला आणि पुढील काही वर्षांत आपल्याकडील सायबर कॅफे, संगणक वर्ग व घरोघरचे संगणक येथे पोहोचला. अनेक ठिकाणी तो मूळ पेटीतून नव्हे, तर एका तबकडीवरून दुसऱ्या तबकडीवर उतरत आला, हेही नमूद केले पाहिजे.

हा विचार कोल्हापुरात बसून करण्याला एक विशेष अर्थ आहे. या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे असे आंतरराष्ट्रीय कीर्तीचे नेमबाज दिले. त्यामुळे पडद्यावरचा नेम आणि प्रत्यक्षातला नेम यांची तुलना येथे पुस्तकी राहत नाही.

'रेल शूटर' म्हणजे काय?

या प्रकाराला इंग्रजीत 'रेल शूटर' असे नाव आहे. येथे 'रेल' म्हणजे आगगाडी नव्हे, रूळ. (स्वप्नील कुसाळे हे मध्य रेल्वेच्या सेवेत तिकीट तपासनीस होते, हा निव्वळ योगायोग.) या खेळांत खेळाडूने कोठे जायचे हे आधीच ठरलेले असते. दृश्य आपोआप पुढे सरकते, वळते, थांबते. खेळाडूच्या हाती फक्त नेम आणि चाप एवढेच उरते. पालखीत बसलेल्याने वाट ठरवायची नसते, त्यातलाच हा प्रकार. 'स्पेस हॅरिअर' (१९८५), 'पँझर ड्रॅगून' (१९९५), 'स्टार फॉक्स ६४' (१९९७) आणि 'रेझ' (२००१) ही या परंपरेतील प्रसिद्ध नावे होत. त्यांतील काहींत खेळाडूला पडद्यावर थोडे इकडेतिकडे सरकता येते. बंदुकीच्या खेळांत तेवढेही नाही.

वरकरणी पाहता ही उणीव वाटते. संगणकीय खेळाचे वैशिष्ट्य म्हणून ज्या स्वातंत्र्याचा गौरव होतो, तेच येथे काढून घेतलेले आहे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकाराच्या आकर्षणाचे मूळ या काढून घेण्यातच आहे. पायांची चिंता संपली की संपूर्ण लक्ष डोळ्यांत आणि बोटात एकवटते.

खेळाची रचना

'व्हर्च्युआ कॉप २' मध्ये जवाहिऱ्याच्या दुकानावरील दरोड्यापासून रस्त्यावरील मोटारींच्या पाठलागापर्यंत आणि भुयारी रेल्वेपर्यंत प्रसंग आहेत. कथा नावापुरतीच आहे. तेच ते दरोडेखोर कपडे बदलून पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि त्याचे कोणालाही वाईट वाटत नाही.

महत्त्वाची आहे ती एका वर्तुळाची योजना. शत्रू दिसताच त्याच्याभोवती एक वर्तुळ उमटते. ते आरंभी हिरवे असते, मग पिवळे होते आणि शेवटी लाल. लाल झाले की पुढच्या क्षणी गोळी आपल्यावर येणार. म्हणजे प्रत्येक शत्रूबरोबर एक लहानसे घड्याळ दिलेले आहे. एकाच वेळी तीन शत्रू तीन रंगांत समोर असले, की खेळाडूला नेमाबरोबरच क्रमही ठरवावा लागतो : आधी लाल, मग पिवळा, हिरवा शेवटी. हा निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यावा लागतो आणि तो चुकला तर का चुकला हे ताबडतोब कळते. या पारदर्शकतेमुळे हरलेला खेळाडू खेळाला दोष न देता पुन्हा डाव मांडतो.

या घाईला लगाम घालणारे दोन नियम आहेत. शत्रूंमध्ये अचानक एखादा निरपराध नागरिक हात वर करून समोर येतो. त्याला गोळी लागली तर खेळाडूचाच एक जीव जातो. त्यामुळे केवळ वेगाने चाप ओढणारा फार काळ टिकत नाही. दुसरा नियम अधिक सूक्ष्म आहे. शत्रूच्या हातावर नेमकी गोळी मारली तर तो मरत नाही, त्याचे शस्त्र गळून पडते आणि या नेमाला विशेष गुण मिळतात. म्हणजे मारण्यापेक्षा निःशस्त्र करणे खेळाच्या हिशेबात अधिक मोलाचे ठरविले आहे. यावरून खेळाला अहिंसक म्हणणे हास्यास्पद होईल, कारण पडद्यावर माणसे कोसळतच असतात. परंतु खेळणाऱ्याची धडपड कशासाठी चालते हे पाहिले तर ती रक्तासाठी नसून अचूकतेसाठी असते. हिंसेची काळजी करणाऱ्यांनी हा भेद लक्षात घ्यावा.

याखेरीज बंदुकीत मोजक्याच गोळ्या असतात. मूळ यंत्रावर बंदुकीचे तोंड पडद्याबाहेर वळवून चाप ओढला की ती पुन्हा भरते. शत्रू समोर असताना नजर क्षणभर दुसरीकडे न्यावी लागणे, हा या खेळातील सर्वांत तणावाचा क्षण होय. संगणकावर हे काम माऊसच्या उजव्या बटणाकडे आले आणि तो तणाव बराच सौम्य झाला.

आपल्याकडील परिस्थिती आणि हा खेळ

येथे एका सामाजिक अंगाचा विचार केला पाहिजे. त्या काळात संगणक ही सामाईक वस्तू होती. घरात एक संगणक आणि भावंडे, चुलत भावंडे, शेजारची मुले मिळून चार-पाच जण; सायबर कॅफेत तासाचा दर; आणि मधूनमधून भारनियमन. ज्या खेळाला दहा-बारा तास लागतात, प्रगती जतन करावी लागते, इंग्रजी संवाद वाचावे लागतात, तो येथे रुजणे कठीण होते. 'व्हर्च्युआ कॉप २' चा एक डाव काही मिनिटांत संपतो. दाखविणे आणि दाबणे यापलीकडे काही शिकावे लागत नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून ज्यांनी प्रथमच माऊस हाती धरला, अशांनाही तो जमण्यासारखा होता.

वाट ठरलेली असल्याचा आणखी एक परिणाम झाला. पाळीची वाट पाहणाऱ्यांनाही खेळ पाठ होत असे. डावीकडच्या खिडकीतून कोण येणार, मोटारीमागून कोण उठणार, हे मागे उभे असलेले आधीच ओरडून सांगत. खेळणारा एक आणि पाहणारे चार, तरी खेळात पाचही जण असत. खेळाडूला मुक्त संचार देणाऱ्या खेळांत पाहणाऱ्याला असा वाटा क्वचितच मिळतो.

नेमबाजीशी नाते

गावोगावच्या जत्रा-उरुसांत फुगे फोडण्याचा जो स्टॉल असतो, तो या खेळाचा जवळचा पूर्वज मानता येईल : जागा ठरलेली, छर्ऱ्यांची संख्या ठरलेली आणि फुगा फुटला की तत्काळ आवाज. शिकारीच्या हाक्यातही शिकारी मचाणावर बसून राहतो आणि जनावर त्याच्यासमोर आणले जाते. कोल्हापूर संस्थानातील शिकारीच्या खुणा न्यू पॅलेसच्या संग्रहालयात आजही दिसतात. हाक्यात शिकारी स्थिर आणि सावज चालते, रेल शूटरमध्ये शिकारीच वाहून नेला जातो. परंतु दोन्हीकडे पायांना काम नाही. क्रीडाक्षेत्रातही १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 'धावते हरीण' हा प्रकार होता, ज्यात हरणाची आकृती नेमबाजांसमोरून सरकत जाई. सरकत्या लक्ष्याचे प्रकार २००४ च्या अथेन्स स्पर्धेनंतर ऑलिंपिकमधून गेले.

मात्र 'हा खेळ खेळून नेमबाज घडतात' हा समज टिकत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ज्या ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, त्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळविले. तेथे गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत शरीर निश्चल ठेवावे लागते. श्वास, नाडीचा ठोका, कातडी कोटाचा आधार, वारा यांतील काहीही माऊसला ठाऊक नाही.

एका ठिकाणी मात्र साम्य आहे. राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्याच्या जलद टप्प्यात प्रत्येक गोळीसाठी तीन सेकंद मिळतात आणि दोन संधींमध्ये सात सेकंदांचे अंतर असते. लक्ष्यावर लाल दिवा असेपर्यंत थांबावयाचे, हिरवा लागताच हात उचलून मारावयाचे. रंगाने वेळ सांगण्याची ही रीत खेळातील वर्तुळाशी जुळते. फक्त तेथे हिरवा म्हणजे 'मारा' आणि येथे लाल म्हणजे 'आता उशीर झाला'.

बंदुकीचे तंत्र आणि तिचा अस्त

माऊसच्या आधी अनेक घरांत टीव्ही गेमबरोबर आलेली प्लॅस्टिकची बंदूक होती आणि 'डक हंट' (१९८४) हा बदकांचा खेळ होता. या बंदुकीतून काही बाहेर पडत नाही. ती प्रकाश आत घेते. चाप ओढताच पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतील प्रकाशसंवेदकाला आधी अंधार आणि मग उजेड मिळाला तर नेम लागला. म्हणूनच बल्बवर बंदूक रोखून बदके पाडण्याचा बालसुलभ प्रयोग साधत नसे. नाण्याच्या यंत्रावरील बंदूक याहून पुढची होती. जुन्या काचनळीच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे व वरून खाली ओळी रेखीत जातो. तो बंदुकीच्या नेमासमोरून नेमका कोणत्या क्षणी गेला हे मोजून यंत्र नेमाची जागा काढीत असे.

सपाट पडद्यावर असा झोतच नसतो आणि चित्र उमटण्यास किंचित विलंबही होतो. त्यामुळे काचनळीचे टीव्ही भंगारात गेले तेव्हा त्या बंदुकाही निरुपयोगी ठरल्या. २००६ मधील 'वी' सारख्या यंत्रांनी अवरक्त किरणांचा पर्याय काढला, पण जुन्या बंदुकांना त्याचा काही उपयोग नव्हता. 'व्हर्च्युआ कॉप २' ची संगणकावरील आवृत्ती माऊसवर चालणारी असल्याने या बदलातून वाचली. आपल्याकडे तो खेळ ज्यांना आठवतो, त्यांना बहुधा तोच आठवतो, आणि त्यांच्या आठवणीत बंदूक नसतेच.