मावळातली लेणी : लोकलने दोन हजार वर्षे मागे

पेरूतल्या उरुबांबा खोऱ्यातले माचू पिच्चू १५व्या शतकातले. चिंचवडहून लोणावळा लोकलने गाठता येणारी ही लेणी त्याहून सुमारे दीड हजार वर्षांनी जुनी.

• घोरावडेश्वर (स्टेशन : घोरावाडी) : डोंगरात कोरलेले बौद्ध विहार, जुन्या चैत्यात आता शिवलिंग.

• भाजे (मळवली) : इ.स.पू. दुसरे शतक, २२ लेणी. चैत्यगृहाचे खांब आत कललेले. लाकडी घराचा तोल सांभाळणारी ही ठेवण दगडात गरज नसतानाही जशीच्या तशी उतरवली आहे.

• कार्ले (मळवली) : सुमारे ४५ मीटर लांब, देशातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह. छताच्या मूळ लाकडी कमानी अजून शाबूत. खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवन (ग्रीक) दात्यांची नावे. दाराशी एकवीरा आई.

• बेडसे (कामशेतहून पवन मावळात) : खांबांच्या माथ्यावर घोड्या-हत्तींवर बसलेली जोडपी.

इथेच का? कोकणातल्या बंदरांतला माल बोरघाट चढून देशावर येई; व्यापाऱ्यांच्या दानातून लेणी घडली. चाकणचे कंटेनर आजही बोरघाट उतरूनच उरणच्या बंदराला जातात.