कच्ची पावती

मैत्रिणींनो, २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या महिला मंडळानं एक काम हाती घेतलं. बांधकामावर जाणाऱ्या बायकांची कल्याणकारी मंडळाकडे ऑनलाइन नोंदणी करून द्यायची. समाजमंदिराची खोली मिळाली, सेक्रेटरीबाईंच्या मुलीनं लॅपटॉप आणला आणि मी कागदपत्रं तपासायला बसले. आर्ट्स झालेल्या बाईला कॉम्प्युटरपेक्षा कागदच जवळचे!

पहिल्याच दिवशी एक जण आली. वय पस्तीसच्या आसपास, पण उन्हानं रापून पन्नाशीची दिसणारी. प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, फोटो, सगळं नीट जपून आणलेलं. मला बरं वाटलं. म्हटलं, "आणि नव्वद दिवसांचा दाखला?"

"त्यो कसला?"

मग तिला समजावून सांगितलं. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्र सरकारनं कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि त्यातून कामगारांना मदत करायची. मुलांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला मदत, अपघात झाला तर आधार. पण आधी नोंदणी हवी, आणि त्यासाठी मागच्या वर्षभरात निदान नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा पुरावा हवा. (पुढे नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या श्रम संहिता आल्या, तरी ही अट तशीच आहे.) तिची मुलगी बारावीत शिकत होती. शिष्यवृत्तीसाठीच तर ती एका दिवसाचा रोज बुडवून आली होती.

"कुठं कुठं काम केलंस?" मी विचारलं.

तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. डॉक्टरांचा दवाखाना, शाळेच्या चार खोल्या, बाजारातले गाळे. निम्मं गाव तिच्या घमेल्यातून वर गेलं होतं म्हणा ना! मग जरा हसून म्हणाली, "आन् वहिनी, तुमचा वरचा मजला. तुमच्या स्लॅबला मीच तर खडी वाहिली. तुम्ही च्या दिला हुता की सगळ्यास्नी."

मला चेहराही आठवेना. लाज वाटली.

आमचं काम २०२२ मधलं, म्हणजे या अर्जाला त्याचा उपयोग नव्हताच. तरी त्या रात्री मी कपाटातून घराची फाईल काढली. सिमेंटच्या पावत्या म्हणजे कोऱ्या पॅडवर पेन्सिलीनं केलेली बेरीज. ना दुकानाचं नाव, ना नंबर. सगळ्या कच्च्या. वाळूची तर पावतीच नाही, ती रात्री आली आणि पैसे रोख गेले. आणि माझ्या स्वतःच्या डायरीत दर शनिवारी एकच ओळ : 'लेबर' आणि पुढे आकडा. माणसाचं नाव एकही नाही. बचत गटाच्या बायकांना पै-पैचा हिशेब लिहा म्हणून सांगणारी ती मीच!

आमचा मुलगा तेव्हा म्हणत होता, "आई, सगळे पैसे ऑनलाइन दे, नोंद राहील." आपल्याकडे यूपीआय २०१६ साली आलं. आता भाजीवालीसुद्धा कोड लावून बसते. मग घराच्या बांधकामात, जिथं आयुष्याची पुंजी जाते, तिथंच सगळं रोख आणि तोंडी का? दुकानदारानं विचारलं होतं, "बिल पाहिजे का बिनबिलाचं?" तेव्हा सिमेंटवर अठ्ठावीस टक्के जीएसटी होता (सप्टेंबर २०२५ मध्ये तो अठरा टक्के झाला). यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. बिनबिलाचं. वाचलेल्या पैशात देवघराला संगमरवर आला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ठेकेदाराकडं गेले. माणूस वाईट नाही. बोलता बोलता त्यानं मनातलं सांगितलं.

"वहिनी, मालक पैसे कधी देतो? स्लॅब झाला की, प्लास्टर झालं की. मजुराला तर दर शनिवारी पाहिजेत, रविवारी बाजार असतो. मुकादम माणसं आणतो ती उचल देऊन. कुणाचं किती कापायचं, कुणाला किती द्यायचं, ते त्याच्या वहीत. मी परस्पर एकेकीच्या खात्यावर पैसे टाकले, तर मुकादम दुसऱ्या दिवशी माणसं दुसऱ्या साईटवर नेईल. मी काय करू?"

"पण नुसती हजेरी तरी फोनवर, कॉम्प्युटरवर ठेवता येईल की."

तो जरा थांबला. म्हणाला, "कागदावर माणूस आला की जबाबदारी आली, वहिनी. उद्या कुणी परातीवरून पडलं तर?"

मला वाटतं, खरी अडचण या एका वाक्यात आहे. यंत्र येत नाही असं नाही. नोंद नको आहे.

सरकारी कामाचंही त्यानं सांगितलं. एकदा ई-टेंडर भरायला गेला होता. डिजिटल सही काढा, अनामत ऑनलाइन भरा, एकेक कागद स्कॅन करून चढवा. जिल्ह्याच्या गावी सायबर कॅफेत दोन दिवस घालवले आणि शेवटच्या तासाला फाईल काही चढेना. "त्यापेक्षा मोठ्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली काम घेतो. मार्जिन कमी, पण डोक्याला ताप नाही." म्हणजे कॉम्प्युटर ज्याला परवडतो, टेंडर त्याचं. खाली काम करणारे तेच, आणि त्यांचा व्यवहार पुन्हा तोंडी.

त्याची बायको आतून चहा घेऊन आली. मला हळूच म्हणाली, "ताई, माझा लग्नाआधी टॅलीचा कोर्स झालाय. मी किती दिवस म्हणते, बिलं आणि हजेरी मी करते. पण हे म्हणतात, बाईमाणसानं साईटच्या भानगडीत पडू नये." बघा! घरात शिकलेली बाई बसलेली आणि धंद्याचा हिशेब सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर.

आता मजूर बाईची बाजू. मुकादमाच्या वहीत तिचं नाव नसतंच. नवऱ्याचं नाव आणि पुढे 'जोडी', असं लिहितात. दोघांचा पगार नवऱ्याच्या हातात. खात्यावर द्या म्हटलं तरी खातं कुणाचं? फोन नवऱ्याकडे, आधारला जोडलेला नंबर तीन वर्षांपूर्वीच्या बंद पडलेल्या सिमचा, मग ओटीपी येणार कुठं? अंगठा लावावा, तर सिमेंट आणि विटांनी बोटांच्या रेषाच झिजलेल्या. शिबिरात आठ-दहा जणींचे ठसे मशीननं घेतलेच नाहीत. एक म्हातारी आपली बोटं बघत म्हणाली, "हातानं काम केलं, तर हातच वळखंना." मी मान खाली घातली.

हे बदलतच नाही असं म्हणणंही बरोबर नाही. रेरा कायदा महाराष्ट्रात २०१७ च्या मे महिन्यापासून पूर्ण लागू झाला. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचे आणि आठांपेक्षा जास्त घरांचे प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर नोंदवावे लागतात. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. पुण्याला फ्लॅट घेणाऱ्या माझ्या बहिणीनं घरबसल्या सगळी माहिती बघितली. कायद्यानं सांगितलं आणि घेणाऱ्यानं मागितलं, की नोंद होते! पण आपल्या छोट्या गावातल्या सहा-आठ फ्लॅटच्या इमारती आणि स्वतः बांधलेली घरं बहुतेक या चौकटीबाहेर. आणि मोठ्या शहरातसुद्धा घेणाऱ्याला बिल्डर स्क्रीनवर दिसतो, घमेलं वाहणारी दिसत नाही.

तर त्या बाईचं पुढे काय झालं? दवाखान्याचं आणि गाळ्यांचं काम त्याच वर्षातलं होतं. पण एका ठेकेदारानं दारातूनच वाटेला लावलं, दुसरा म्हणाला, "मुकादमाला विचारा." सरकारी दाखल्यासाठी गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, "मी हिला कामावर पाहिलेलं नाही, सही कशी करू?" त्यांचंही खोटं नव्हतं. खोटे दाखले जोडून, एजंटला पैसे देऊन नोंदणी केल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कधी वीट न उचललेल्यांच्या घरी भांड्यांचा संच आणि हिच्या हातात रिकामी पिशवी!

शेवटी आमच्या ठेकेदाराच्या बायकोनं मार्ग काढला. शाळेच्या खोल्यांचं काम त्यांचंच होतं. तिनं मुकादमाच्या जुन्या वह्या मागवल्या, रात्री बसून 'जोडी'च्या खुणा मोजल्या आणि दिवसांचा तक्ता कॉम्प्युटरवर तयार करून नवऱ्यापुढं ठेवला. नव्वदाच्या वर दिवस भरले. त्यानं सही केली. पण यात अडीच महिने गेले. नोंदणी झाली, त्या वर्षीच्या शिष्यवृत्तीची मुदत मात्र टळली. मुलीच्या फीसाठी आईनं मुकादमाकडूनच पुन्हा उचल घेतली. तिनं मला बजावून सांगितलंय, "वहिनी, पेपरात माझं नाव नका घालू, मुकादम काम द्यायचा न्हाई." म्हणून इथंही तिचं नाव नाही.

मैत्रिणींनो, घर बांधायचं ठरलं की स्वयंपाकघर कसं हवं, ओटा केवढा हवा, हे आपण हट्टानं सांगतो. तसंच आणखी थोडं सांगू या. सिमेंट-सळईचं पक्कं बिल मागायचं. ठेकेदाराला पैसे बँकेतून द्यायचे. ते आपल्याही हिताचं आहे, उद्या भांडण झालं तर पुरावा राहतो. आणि एक वही आपली ठेवायची, फोनवर ठेवली तरी चालेल. त्यात रोज कोण कामाला आलं ते लिहायचं, बायकांची नावं वेगळी. काम संपलं की ठेकेदाराकडून तेवढ्या दिवसांचा दाखला मागून त्यांच्या हातात द्यायचा. ओळखीच्या मजूर बाईला तिच्या स्वतःच्या नावाचं खातं आणि चालू नंबर आधारला जोडून द्यायला एक दुपार पुरते.

परवा आमच्या न्हाणीघराच्या फरश्या बदलल्या. फरशीवाल्यासोबत तीच आली होती. मी तिचा चार दिवसांचा रोज तिच्या खात्यावर टाकला आणि वहीत तिचं पूर्ण नाव लिहिलं. तिनं आपला नवा फोन माझ्यापुढं धरला. "वहिनी, वाचून दावा." मी मेसेज वाचला. तिनं परत वाचायला लावला. मग फोन पदराला पुसून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "ह्यो कागद चालंल का दाखल्याला?"

नुसता एवढा नाही चालणार, हे मला माहीत होतं. पण पुढच्या खेपेला नव्वद दिवस मोजायला बसू, तेव्हा यातले चार दिवस कुणाला नाकारता येणार नाहीत. तेवढं तरी मी तिला खात्रीनं सांगू शकले.