काखेत बाड, गावाला वळसा

पोस्टाच्या रजिस्ट्री खिडकीत ज्याने सदतीस वर्षे काढली, त्याला पाकीट हातात घेताच आतला मजकूर कळतो म्हणा ना! श्रावण लागला की आमच्या नगर जिल्ह्यातले मास्तर, ग्रामसेवक, एखाद्या डॉक्टरीणबाई दिवाळी अंकांसाठी कथा पाठवायला खिडकीशी येत. आत परतीचे तिकीट लावलेले दुसरे पाकीट असे. पुढे ते परत आले, की पातळ पाकीट म्हणजे स्वीकृतीचे पत्र आणि जाड पाकीट म्हणजे ‘साभार परत’. जाड पाकीट घेणाऱ्याचा चेहरा पाहवत नसे. मी मनात म्हणे, बरे आहे, आपल्याला हा नाद नाही.

तो नाद २०२४ साली लागला. त्याच वर्षी आमच्या अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आणि माझ्या नावापुढे ‘निवृत्त’ लागले. सकाळी दहाला काय करावे हे सुचेना, म्हणून मी कादंबरी लिहायला बसलो. तीही कौटुंबिक नव्हे, ऐतिहासिक नव्हे, उद्याच्या जगाची.

कादंबरी घडते २०७२ साली, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळानंतर बरोबर शंभर वर्षांनी. मूल जन्मले की त्याच्या नावे पोस्टात पावसाचे खाते उघडते. वर्षाला इतके लिटर जमा, इतके खर्ची. कर्ज, व्याज, वारसनोंद, सगळे यथासांग. मुळा धरणाची २६ टीएमसी क्षमता कागदावर शाबूत आहे, पाणी तेवढे पासबुकात उरले आहे. नाव ठेवले ‘पावसाचे पासबुक’. हे अगदीच हवेतले आहे असे मात्र समजू नका. आमच्याच तालुक्यातल्या हिवरे बाजारला पडलेल्या पावसाचा जमाखर्च गावापुढे मांडतात आणि मग पिके ठरवतात. मी त्यात फक्त व्याज घातले.

बाड तयार झाले. आता पुढे काय? आमची लेक पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, “बाबा, अमेरिकेत लेखक प्रकाशकाकडे थेट जात नाहीत. आधी एजंट गाठतात.”

नगरमध्ये एजंट म्हटला की विम्याचा, आरटीओच्या दारातला, नाहीतर आमच्या पोस्टातला अल्पबचतीचा. गोष्टींचा एजंट ही जात मला नवी होती. तिने समजावले. एजंटाला एक पानी पत्र लिहायचे, त्यात आपली कादंबरी चार ओळींत सांगायची. त्याला रुचली तर तो बाड मागवतो, प्रकाशकाशी सौदा करतो आणि लेखकाच्या मिळकतीतून साधारण शेकडा पंधरा स्वतःकडे ठेवतो. आधी छदाम घेत नाही.

मराठीत ही चाल रुळलेली नाही. इथे लेखकच एजंट आणि लेखकच हमाल. पण ते एक पान मला पटले. तीनशे पाने लिहायला सात महिने लागले होते. हे एक पान लिहायला दोन लागले. पहिल्या खर्ड्यात मी ‘मराठी सारस्वतात आजवर न झालेला प्रयोग’ असे लिहिले होते. सौभाग्यवतींनी ते वाचून विचारले, “हे औषधाचं पत्रक आहे का?”

पहाटेची एस.टी. धरून पुण्यास गेलो. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास प्रकाशकांची कमतरता नाही. पहिल्या गृहस्थांनी पान वाचून विचारले, “लहान मुलांसाठी आहे का?” नाही म्हटले. त्यांनी पान परत केले. दुसऱ्यांना त्यात विज्ञान सापडेना. “यंत्रमानव नाही, यान नाही, सगळं पोस्टातच घडतं?” आता पोस्टात किती काय घडते, हे मी त्यांना कसे सांगू!

तिसरे फार गोड बोलले. चहा आला. कागद उत्तम, बांधणी उत्तम, समारंभही करू. तुम्ही फक्त नव्वद हजारांचा सहभाग द्या. मी हवेत तरंगतच घरी आलो. आईच्या दुखण्याखुपण्यासाठी म्हणून ठेवलेली रक्कम होती, ती काढण्याचा फॉर्मही भरला. सदतीस वर्षे खिडकीतून लोकांना ‘घाई करू नका’ असे बजावणारा मी!

सौभाग्यवतींनी फॉर्म पाहिला. “तो अमेरिकेतला एजंट आधी छदाम घेत नाही म्हणालात ना? मग हे कोण?”

फॉर्म फाडला. पण मन उतरले ते उतरलेच.

त्या दिवसांत मला जयंत नारळीकरांची गोष्ट फार आठवे. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. तोवर त्यांना पद्मभूषण मिळून नऊ वर्षे लोटली होती. नुसत्या नावावर कुठल्याही संपादकाने कथा छापली असती. म्हणून त्यांनी नाव घेतले नारायण विनायक जगताप, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाबाईंच्या हातून लिहवून घेतली. जगतापांना पहिले बक्षीस मिळाले! पुढे २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. त्यांना लपवायला नाव होते. मला लपवण्याजोगे काहीच नव्हते. म्हणजे त्यांनी खटपट करून जी जागा मिळवली, ती मला फुकटच मिळाली होती.

फ्रँक हर्बर्टचे ‘ड्यून’ तर वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारले, त्याला एजंट असूनही. अखेर १९६५ साली ते छापले मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रकाशकाने. तीही कथा कोरड्या मुलखाची, पाणी थेंबाथेंबाने मोजणाऱ्या माणसांची. (नगरातल्या गॅरेजवाल्यांकडे चौकशी करावी, असे एकदा मनात येऊन गेले.)

मग एके सकाळी ओसरीवर मी त्या चार ओळी घोकत होतो. आई शेंगा सोलत होती. तिने ऐंशी ओलांडली आहे.

“काय पुटपुटतोस रं सकाळधरनं?”

मी सांगितले, पावसाचे खाते, पासबुक, सगळे. ती हसली. “यात नवं काय? बहात्तरला पारनेरकडं खडी फोडायला जायचो, तवा टँकर यायचा. मुकादम दर बाईला मोजून दोन तांबे द्यायचा अन् नावापुढं रेघ ओढायचा. तुझ्या धाकटीला ताप भरला, तवा मी म्हटलं, उद्याचं आज द्या. त्यानं दिलं. लिहून ठेवलं. दुसऱ्या दिशी मी तांब्या पालथा घालून बसले.”

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. सुकडीची चव आठवते, पालथा तांब्या आठवत नव्हता.

शेंगा सोलता सोलता तिने विचारले, “तुझ्या पोस्टात उद्याचं आज देत्यात का रं?”

तीनशे पानांत हा प्रश्न माझ्या एकाही पात्राने विचारला नव्हता. व्याजाचे कोष्टक होते, वारसनोंदीचा नमुना होता. खिडकीशी येऊन मागणारे माणूसच नव्हते. पाच महिने लागले, पण कादंबरी पुन्हा लिहिली. पानावर आता एवढेच होते: २०७२ साली एक मुलगी पोस्टाच्या खिडकीशी येते आणि तापाने फणफणलेल्या भावासाठी उद्याचे पाणी आज मागते. आत बसलेल्या कारकुनाच्या निवृत्तीला आठ दिवस उरले आहेत.

चौथे प्रकाशक लहानसे, दुकान जिन्याखाली. त्यांनी उभ्याउभ्याच वाचले आणि चष्मा वर केला.

“मग? देतो का तो पाणी?”

“ते बाडात आहे,” मी म्हणालो.

त्यांनी हात पुढे केला. चार महिन्यांत कळवतो, नाही जमले तर बाड पोस्टाने परत करीन, म्हणाले. पैशांचा विषय काढला नाही.

त्याला आता अडीच महिने झाले. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, त्यामुळे आले तर ते स्पीड पोस्टाने येईल. पोस्टमन माझ्याच हाताखाली शिकलेला. फाटकाशी आला की लांबूनच मान हलवतो. आई ओसरीवरून रोज विचारते, “आलं का रं पाकीट?”

“नाही.”

“जाडंबी नाही ना?”

“नाही.”

“मग बस जेवायला.”